दलघमीमागची तळी : कापशी ते वारी, एका दिवसाची वाट

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. पुण्या-मुंबईला गेलेली आपली मंडळी गावी आलेली असते, सोबत पाव्हणे असतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. "भाऊ, एका दिवसात पाहून होईल असं काही आहे काय आपल्याकडे? चिखलदरा झालं, शेगाव झालं, लोणारही झालं." तळं पाहिजे, डोंगर पाहिजे, गाडी उभी करून फोटो काढता आला पाहिजे, एवढीच अपेक्षा.

तर मित्रहो, आहे. अकोल्यातून निघून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाणारी एक वाट आहे. ती एका दिवसात होते, फार खर्च नाही, आणि तळी म्हणाल तर पोटभर. पण ही वाट नुसती पाहण्याची नाही, म्हणून जरा लांब लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपलं वऱ्हाड म्हणजे भंडारा-गोंदिया नव्हे. तिकडे गावागणिक तलाव. आपल्याकडे निसर्गानं दिलेलं मोठं तळं म्हणजे एक लोणार, तेही उल्का आदळून झालेलं आणि त्याचंही पाणी खारं. बाकी जेवढं पाणी आपल्याला साठलेलं दिसते ते कोणीतरी अडवलेलं आहे. कधी राजानं, कधी इंग्रजानं, कधी पाटबंधारे खात्यानं. माणसानं अडवलेलं पाणी म्हटलं की प्रश्न येतोच, कोणासाठी अडवलं?

माझा धंदा पत्रकारितेचा. डिप्लोमा करून या कामात पडलो त्याला वीस वर्षं उलटली. आमच्या पानावर पावसाळ्यात एक चौकट ठरलेली असते, जलसाठ्याची. काटेपूर्णा ८६.३५, वान ८१.९५, मोर्णा ४१.४६, निर्गुणा २८.८५, उमा ११.६९. हे आकडे दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. धरण पूर्ण भरलं की वापरता येईल एवढं पाणी. पुढे आजचा साठा आणि टक्के. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. लोक ही चौकट टक्क्यांपुरती वाचतात आणि पान उलटतात. या वर्षी मी ठरवलं, या चौकटीतली तळी एका ओळीत गाडीनं पाहायची.

पहिला थांबा कापशी. अकोल्याहून पातूर रस्त्यानं निघालं की थोड्याच वेळात हा जुना तलाव येतो. सकाळी लवकर जा. हिवाळ्यात इथं चक्रवाक, थापट्या अशी पाहुणी बदकं उतरतात. पाण्यावर धुकं असते, काठाला कोणीतरी गळ टाकून बसलेलं असते. फोटो छान येतो. पण फोटो काढताना एवढं आठवा की महानचं धरण होण्याआधी अकोला शहर या तळ्याचं पाणी पीत होतं. शहर वाढलं, कापशी पुरेना, मग काटेपूर्णा नदीवर महानला धरण झालं. आज अकोल्याच्या नळाला येते ते महानचं पाणी. ज्या तळ्यानं शहर पोसलं त्याच्याकडे आता शहर फक्त रविवारी येते. तलावाचं म्हातारपण म्हणजे काय ते कापशीला पाहून कळते.

तिथून परत फिरा, अकोला ओलांडा आणि अकोट रस्ता धरा. अकोट पंचेचाळीस-एक किलोमीटर. रस्त्याचं म्हणाल तर काळ्या मातीत रस्ता टिकत नाही हे कारण आपण लहानपणापासून ऐकत आलो. माती तीच आहे, कारणही तेच आहे.

या रस्त्यावर गांधीग्राम येते, पूर्णेच्या काठावर. अकोलेकरांना गांधीग्राम सांगायला नको. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी हजारो पोट्टे इथून पूर्णेचं पाणी कावडीत घेऊन सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. खांद्यावर मोठमोठ्या कावडी, ढोल, रात्रभर रस्ता जागा. आपल्या शहराचा सगळ्यात मोठा उत्सव पाण्याचा आहे, हे आपण सहसा असं म्हणून पाहत नाही. इथला जुना ब्रिटिशकालीन पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक ठरला आणि वाहतूक बंद झाली. तेव्हा अकोटवाल्यांनी किती फेरे घातले ते त्यांनाच विचारा.

पूर्णा ओलांडताना गाडी जरा हळू करा. तुम्ही खारपाणपट्ट्याच्या ऐन मध्यावर आहात. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा. जवळजवळ नऊशे गावं. खाली खोलवर गाळ, वर चिकण काळी माती, निचरा कमी, पाऊस बेताचा. जमिनीतले क्षार वाहून जात नाहीत, तिथंच मुरतात. म्हणून विहीर खोदा की बोअर मारा, पाणी लागते पण खारं लागते.

माझी मावशी याच पट्ट्यातल्या एका गावात दिली. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे जायचो तर चहाची चव वेगळी, वरणातली डाळ शिजता शिजत नाही, आंघोळीला साबणाचा फेस येत नाही. पितळी भांड्यांना पांढरे डाग. गावात गोड्या पाण्याची एकच जागा, आणि पहाटे तिथं घागरींची रांग. "खाऱ्या पाण्यात पोरगी देत नाही" असं म्हणून मोडलेली सोयरीक मी स्वतः पाहिली आहे. आता त्या गावात जारचं पाणी आलं. पैसे मोजले की गोडं पाणी दारात. ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो आजही बोअरचंच पितो. या पट्ट्यात किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि निवडणुकीच्या भाषणात त्या दर पाच वर्षांनी नव्यानं शोधल्या जातात.

मावशीला यावेळी गाडीत घेतलं. वय सत्तरीच्या पुढं. "कोठी चालले बाप्पा?" म्हणाली. म्हटलं, तळी पाह्यला. ती हसली. "पानी पाह्यला कोनी जाते का? पानी भराले जातेत." आणि घरातून दोन रिकाम्या कॅन आणून तिनं डिक्कीत ठेवल्या. मी काही बोललो नाही.

चोहोट्टा बाजार मागे टाकला की आकाश मोकळं असेल तर समोर सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते. इथून पुढं शेताकडे लक्ष ठेवा. पूर्णेच्या काठाला तुम्हाला कपाशी, तूर, हरभरा दिसला. सगळं पावसाच्या आणि ओलीच्या भरवशावर. मधून मधून शेततळी. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना पावसाचं गोडं पाणी साठवायला याहून सोपा उपाय नाही. अकोट ओलांडून डोंगराकडे सरकलात की चित्र बदलते. केळी येतात, संत्र्याचे बगीचे येतात, पानमळे आणि पानपिंपळी येते. माणसं तीच, वाण्याचं दुकान तेच, पाऊसही थोडाफार तोच. फरक एवढाच की इथं जमिनीखालचं पाणी गोडं आहे. तीस-चाळीस किलोमीटरच्या अंतरात पाणी माणसाची ऐपत कशी ठरवते, ते पुस्तकात वाचण्यापेक्षा या रस्त्यावर खिडकीतून पाहावं.

पुढचा थांबा पोपटखेड. डोंगराच्या कुशीत अडवलेलं पाणी, मागे मेळघाटचं जंगल. या वाटेवरचं सगळ्यात देखणं दृश्य मला विचाराल तर हेच. इथं तासभर बसा. पण याच अकोट-तेल्हारा भागात मेळघाटातून उठवलेली गावंही आणून वसवली आहेत. केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा ही नावं तुम्ही ऐकली असतील. व्याघ्रप्रकल्पासाठी कोरकू माणसं जंगलाबाहेर आली. पुनर्वसनात जे कबूल झालं ते मिळालं नाही म्हणून जानेवारी २०१९ मध्ये त्यातली काही परत जंगलात गेली, आणि तिथं झालेला संघर्ष आपण सगळ्यांनी वाचला. वाघासाठी जंगल मोकळं झालं पाहिजे, हे मान्य. पण ज्यानं नाल्याचं वाहतं पाणी सोडलं त्याला सपाटीवर नळ वेळेवर मिळाला का, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

पोपटखेडवरून पुढे शहानूर. हे नाव फसवते, म्हणून सांगतो. अमरावतीच्या बातम्यांत जे शहानूर धरण येते, ते अंजनगाव सुर्जीकडचं, ४६.०४ दलघमीचं. दर्यापूर-अंजनगावच्या खाऱ्या गावांना त्याचाच आधार. हे शहानूर म्हणजे नरनाळ्याच्या पायथ्याचं गाव, अकोट तालुक्यातलं. इथं वनविभागाच्या नाक्यावर नोंद करायची, पैसे भरायचे आणि मग गडावर जायचं.

नरनाळा हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान, पण अर्ध्या जिल्ह्यानं तो पाहिलेला नाही. बहमनी सुलतान अहमदशहानं पंधराव्या शतकात याची डागडुजी केली. महाकाली दरवाजावरचं कोरीवकाम आणि त्यावरचा १४८७ चा लेख इमादशाहीच्या संस्थापकाच्या काळातला. पुढे अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार, म्हणजे आजच्या भाषेत एक जिल्हाच, या गडाच्या नावानं चालत होती. नौगजी तोफ आहे, राणीमहाल आहे, मशीद आहे. गाईड तुम्हाला हे सगळं दाखवील.

मी तुम्हाला तळी पाहायला सांगतो. गडावर एक नाही, दोन नाही, कितीतरी तळी आणि टाकी आहेत. शक्कर तलाव त्यातला सगळ्यात नावाजलेला. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस खाली वाहून जाऊ द्यायचा नाही, उतार पाहून अडवायचा, हे पाच-सहाशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाला कळत होतं. किल्ल्याचा खरा दारूगोळा पाणी. वेढा पडला की तोफ नंतर कामाला येते, पाणी आधी. गडावर शिबंदी होती, घोडे होते, हत्ती होते, आणि सगळ्यांना वर्षभर पुरेल अशी सोय करूनच गड बांधला गेला.

मावशी शक्कर तलावाच्या काठाला बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे त्या जमान्यात राजाच्या घोड्याले गोडं पानी होतं." एवढंच. मी तिच्याकडे पाहिलं तर ती पाण्याकडे पाहत होती.

गड उतरून परत अकोटमार्गे हिवरखेड, तिथून तेल्हारा तालुक्यातून वारी भैरवगड. संध्याकाळ इथंच करा. वान नदी मेळघाटातून उतरते आणि इथं तिला अडवलं आहे. धरणाचं नाव हनुमान सागर. खाली वारी हनुमानाचं जुनं देवस्थान. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये निळं पाणी, आणि सूर्य मावळताना त्यावर पडणारा तांबूस उजेड. पाव्हण्यांना एवढं पुरते.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. खाली नदीत मामा-भाचा डोह आहे. दिसायला शांत, पण तिथं बुडून गेलेल्या तरुणांच्या बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. एकदा नाही, अनेकदा. पाण्यात उतरू नका. पोरं ऐकत नाहीत, तर त्यांना गाडीतच बसवा.

आता वानचं राजकारण. तेवढ्यासाठीच ही सगळी वाट तुम्हाला इथवर आणली.

चौकटीतला वानचा आकडा सुमारे ८२ दलघमी. धरण झालं सिंचनासाठी. तेल्हारा-अकोट भागातला शेतकरी म्हणतो, आमच्या तालुक्यात धरण झालं, पाण्यावर पहिला हक्क आमच्या शेताचा. पुढे या धरणावर पिण्याच्या पाण्याच्या योजना आल्या. खाऱ्या पट्ट्यातली गावं, अकोट-तेल्हाऱ्यासारखी शहरं, आणि मग बाळापूर-अकोला तालुक्यातल्या ६९ गावांची योजना. दरवेळी सिंचनाचा वाटा कमी होतो म्हणून तेल्हाऱ्यात आंदोलनं झाली. ६९ गावांच्या योजनेला सरकारनं स्थगिती दिली, तेव्हा दुसऱ्या बाजूचे लोक पेटले. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले आणि नागपूरजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं. टीव्हीवर हे सगळं तमाशासारखं दिसलं. पण त्या टँकरातलं पाणी खरोखर खारं होतं आणि तेल्हाऱ्यातल्या शेतकऱ्याची केळीही खरोखर वाळणार होती. दोघंही खोटं बोलत नव्हते.

धरणाच्या खाली एका टपरीवर चहा घेताना शेजारच्या शेतकऱ्याशी बोललो. साठीचा माणूस. म्हणाला, "भाऊ, प्याले पानी नाई म्हनाची आमची जीभ रेटत नाई. खाऱ्या पान्यातले लोक आमचेच सोयरे हायेत. पन एक सांगा, दरसाली पानी कमी करतेत, ते कोठी जाते याचा हिसाब आमाले कोनी देल्ला काय?"

मला वाटते, या सगळ्या वादाची नस या माणसानं पकडली. भांडण पाण्याचं कमी आणि हिशोबाचं जास्त आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा धरून पाण्याचं आरक्षण ठरते. किती पिण्याला, किती उद्योगाला, किती शेतीला. पालकमंत्री असतात, अधिकारी असतात, बैठक होते. आम्ही बातमी करतो, चार ओळींची. पण ज्याच्या शेताखालून कालवा जातो त्याला आणि ज्याच्या घरी जारचं पाणी येते त्याला हा हिशोब एका जागी, सोप्या मराठीत, कुठंच वाचायला मिळत नाही. हिशोब दिसला नाही की संशय वाढतो. संशयावर राजकारण फार चांगलं पिकते, त्याला पाणीही लागत नाही.

हे एकट्या अकोल्याचं नाही. अमरावतीकरांनो, तुमचं सिंभोऱ्याचं धरण घ्या, ऊर्ध्व वर्धा, नल-दमयंती सागर. १९९३ ला पूर्ण झालेलं, ५६४.०५ दलघमीचं, आपल्या विभागातलं सगळ्यात मोठं. पाणी सोडतात तेव्हा तेरा दारं पाहायला अख्खी अमरावती लोटते. शहर त्याचंच पाणी पिते. पण ज्यांची जमीन त्या पाण्याखाली गेली ते मोर्शी, वरूड, आष्टीकडचे प्रकल्पग्रस्त तीस वर्षांनीसुद्धा न्याय मागत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातल्या काहींनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. धरण पाहायला जाणाऱ्या किती गाड्यांमध्ये हे बोललं जाते?

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. उलट कापशीला पक्षी पाहायला लोक आले पाहिजेत, नरनाळा महोत्सव दरवर्षी आणि वेळेवर व्हायला पाहिजे, वारीच्या रस्त्यावर गावातल्या पोट्ट्यांना दोन पैसे मिळाले पाहिजेत. पण आपल्याकडे तलाव विकास म्हटलं की बोटिंग, रंगीत दिवे आणि "आय लव्ह" लिहिलेली अक्षरं एवढंच सुचते.

माझी मागणी त्याहून स्वस्त आहे. प्रत्येक धरणावर, जिथं लोक फोटो काढायला थांबतात तिथंच, एक मोठा फलक लावा. या तळ्यात किती पाणी मावते. आज किती आहे. यंदा पिण्यासाठी किती राखलं, कोणत्या गावांना, कोणत्या शहराला. शेतीला किती, उद्योगाला किती. धरणासाठी कोणती गावं उठली, त्यांची नावं. दरवर्षी बैठक झाली की आकडे बदला. एवढंच. यासाठी कोटींचा आराखडा लागत नाही. वारीवर असा फलक असता तर टपरीवरच्या त्या माणसाला निदान उत्तर कुठं शोधायचं ते कळलं असतं.

निघताना मावशीनं देवस्थानाजवळच्या नळावर दोन्ही कॅन भरून घेतल्या. मी म्हटलं, मावशी, आता तर घरी जार येतो. म्हणाली, "जारचं इकत घेतलेलं हाय. हे आपलं हाय." गाडीत तिनं ते वाटभर पायाशी धरून ठेवलं.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं : सकाळी सहाला निघा, डबा सोबत ठेवा, नरनाळ्यावर दुपारच्या आत पोचा, प्लास्टिक तिथं टाकू नका, वारीच्या डोहात उतरू नका. आणि तुमच्या गावाजवळ जे तळं असेल त्याचं नाव खाली लिहा. सोबत हेही लिहा की त्याचं पाणी आज कोण पिते. माहीत नसेल तर गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून उद्या लिहा, मी वाट पाहतो. यादी झाली की दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांना फलकाच्या मागणीचं निवेदन देऊ. ज्याला यायचं असेल त्यानं तसं कळवा.